ट्रान्सफर होते, बीटा मात्र शून्यच: गर्भ पुन्हा पुन्हा रुजत नसेल तर तपास कसा करावा

आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबी) उपचारात दोन-तीन ट्रान्सफर झालेल्या असतात, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेलं भ्रूण (एम्ब्रियो) तितक्या वेळा गर्भाशयात सोडलेलं असतं. दर वेळी ‘एम्ब्रियो छान होते’ असं ऐकलेलं असतं आणि गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या बीटा एचसीजी या रक्ततपासणीचा आकडा १ नाहीतर २ येतो. मग नागपुरात धंतोलीत किंवा रामदासपेठेत दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना सोबत शेवटच्या सोनोग्राफीचा कागद असतो आणि तोंडी विनंती असते, ‘आता सगळ्या तपासण्या करून टाका.’ एवढ्या कागदावर काही ठरत नाही आणि ‘सगळ्या तपासण्या’ खिसा रिकामा करतात. या तपासाची सुरुवात रक्त देऊन होत नाही. ती जुनी फाइल उघडून होते.

फाइल मागा, पूर्ण मागा

डिस्चार्ज कार्डावर ‘२ एम्ब्रियो ट्रान्सफर्ड, गुड क्वालिटी’ एवढंच लिहिलेलं असतं. ते पुरेसं नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने नोंदी मागितल्या तर त्या ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. प्रत्येक सायकलसाठी पुढच्या गोष्टी वेगवेगळ्या लिहून हव्यात:

- कोणती इंजेक्शनं, किती डोस, किती दिवस; ट्रिगरच्या (अंडी पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनच्या) दिवशीचं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तर तयार करणारं हार्मोन
- किती अंडी निघाली, त्यातली पक्व किती, फलित किती, ब्लास्टोसिस्टपर्यंत (पाचव्या-सहाव्या दिवसाचं फुललेलं भ्रूण) पोचली किती आणि कितव्या दिवशी
- ट्रान्सफर केलेल्या प्रत्येक भ्रूणाची ग्रेड. फ्रोझन (गोठवून ठेवलेलं) असेल तर वितळवल्यावर ते पुन्हा फुललं का
- गर्भाशयाच्या अस्तराची जाडी, ती कोणत्या दिवशी मोजली, प्रोजेस्टेरॉनचा पहिला डोस कोणत्या तारखेला आणि किती वाजता
- ट्रान्सफरची नोंद: कॅथेटर सहज गेला का, टोकाला रक्त किंवा म्युकस होतं का, भ्रूण कॅथेटरमध्ये अडकून राहिलं का, सोनोग्राफीखाली केलं का
- बीटा एचसीजी कोणत्या तारखेला, आकडा किती

शेवटची ओळ सगळ्यात आधी वाचा. बीटा दर वेळी शून्याजवळ असेल तर ती रुजण्याची अडचण. एकदा ३० किंवा ६० येऊन नंतर उतरला असेल तर गर्भ रुजला होता आणि टिकला नाही. त्याचा तपास गर्भपाताच्या तपासाकडे जास्त झुकतो. दोन्हींची सरमिसळ केली की चुकीच्या तपासण्या सांगितल्या जातात. इथे एक फसवी गोष्ट आहे. ट्रान्सफरनंतर आधार म्हणून एचसीजीचं इंजेक्शन दिलं असेल तर त्याचा अंश रक्तात राहतो आणि बीटा थोडा वर दिसतो. तो आकडा धरू नका.

अपयश खरंच ‘वारंवार’ आहे का?

हा प्रश्न कठोर वाटतो, पण पुढचा सगळा खर्च याच्यावर ठरतो. युरोपातल्या ‘एश्रे’ या प्रजननवैद्यक संस्थेने २०२३ मध्ये दिलेल्या शिफारशींत ठरावीक संख्या नाही. त्या बाईच्या बाबतीत, झालेल्या ट्रान्सफर मिळून यश येण्याची अपेक्षित शक्यता ६० टक्क्यांच्या वर गेली असेल आणि तरी गर्भ रुजला नसेल, तेव्हा तपास करावा, असा त्यांचा निकष आहे.

हिशेब घरी करता येतो. समजा वय ३० आहे आणि एका ब्लास्टोसिस्टला रुजण्याची शक्यता ४० टक्के धरली. तीन वेळा अपयश येण्याची शक्यता ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे सुमारे २२ टक्के. एव्हाना ७८ टक्के शक्यतेने यश यायला हवं होतं, आलं नाही, म्हणून तपास योग्य. आता वय ४१ आणि दर वेळी शक्यता १५ टक्के धरा. तीन ट्रान्सफरनंतरही यशाची एकूण शक्यता ३९ टक्केच भरते. इथे अपयश येणं अपेक्षितच होतं. गर्भाशयात दोष शोधत बसण्यापेक्षा अंड्यांचा प्रश्न आधी समोर ठेवावा. हे ४० आणि १५ उदाहरणापुरते आहेत. तुमच्या वयासाठीचा आकडा तुमच्या सेंटरकडून मागा, आणि तो ‘प्रेग्नन्सी’चा आहे की ‘बाळ घरी’चा, तेही विचारा.

बहुतेक वेळा कारण भ्रूणातच असतं

पस्तिशीच्या आत साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढ्या भ्रूणांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. चाळिशीला हे प्रमाण निम्म्याच्या वर जातं आणि ४२-४३ ला तीन चतुर्थांशाच्या आसपास. सूक्ष्मदर्शकाखाली ही चूक दिसत नाही. ‘४एए’ ग्रेडमधला ४ भ्रूण किती फुललंय ते सांगतो, पहिला ‘ए’ बाळ होणाऱ्या पेशींच्या गुच्छाचा आणि दुसरा नाळ होणाऱ्या बाहेरच्या थराचा. चेहरा देखणा म्हणून गुणसूत्रं बरोबर, असं नसतं.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात गुणसूत्रं तपासून निर्दोष निघालेली भ्रूणं एकेक करून सलग तीनदा सोडली, तेव्हा ९० टक्क्यांहून जास्त स्त्रियांमध्ये गर्भ रुजला. अशी भ्रूणं तयार होऊ शकणाऱ्याच स्त्रिया त्यात होत्या, हे ध्यानात ठेवा. तरी त्यातून एक गोष्ट निघते: गर्भाशयच गर्भ नाकारतंय, असं प्रकरण खरोखर विरळ आहे.

मग पीजीटी-ए करावं का? ब्लास्टोसिस्टच्या बाहेरच्या थरातल्या ५ ते १० पेशी काढून गुणसूत्रं मोजतात. ही तपासणी भ्रूण सुधारत नाही, निवडून देते. चार-पाच ब्लास्टोसिस्ट होत असतील आणि वय ३७-३८ च्या पुढे असेल तर निवडीला अर्थ आहे. दोनच असतील तर निवडायचं काय? नमुना नागपुरात काढला तरी पुष्कळदा तो बाहेरगावच्या प्रयोगशाळेत जातो. तेव्हा अहवालाला किती दिवस लागतील आणि ‘मोझॅक’ (काही पेशी बरोबर, काही चुकलेल्या) आलं तर सेंटरचं धोरण काय, हे आधीच विचारा. लिंग विचारू नका. पीसीपीएनडीटी, म्हणजे लिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे.

आधीच्या सगळ्या ट्रान्सफर तिसऱ्या दिवसाच्या भ्रूणांच्या असतील तर पुढची भ्रूणं पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत वाढवून बघणं हीच एक तपासणी आहे. सगळी चौथ्या दिवशी थांबली, तर उत्तर तिथेच मिळालं.

दोघांचं कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची रक्ततपासणी, मात्र एकदा करून घ्या. पती किंवा पत्नीत गुणसूत्राच्या तुकड्यांची अदलाबदल असू शकते. त्या व्यक्तीला काहीच त्रास नसतो, भ्रूणं मात्र बिघडतात. रक्त हिरव्या झाकणाच्या हेपरिन नळीत घेतात आणि पेशी प्रयोगशाळेत वाढवाव्या लागतात, म्हणून अहवाल दोन-तीन आठवड्यांनी येतो. नागपूरच्या मे महिन्यात नमुना दुपारी कुरिअरच्या गाडीत तापला तर पेशी वाढतच नाहीत आणि रक्त पुन्हा द्यावं लागतं. सोमवार ते गुरुवार, सकाळी रक्त द्या.

पतीचा तपास ‘काउंट नॉर्मल’ या शेऱ्यावर संपवू नका. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे आज सोडलेल्या खर्ऱ्याचा (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचा) फायदा तीन महिन्यांनी दिसतो. विदर्भात हा प्रश्न प्रत्येकाला थेट विचारावा लागतो. ‘सिगारेट ओढत नाही’ म्हणणारा माणूस दिवसाला चार पुड्या खर्रा खातो आणि त्यातला तंबाखू त्याला तंबाखू वाटत नाही. भट्टीजवळचं काम, उन्हाळ्यात तासन्‌तास ट्रक चालवणं, अलीकडे आलेला मोठा ताप, व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा), हेही विचारा. भ्रूणं तिसऱ्या दिवसानंतर मंदावत असतील तर शुक्राणूंतला डीएनए किती तुटलाय ते बघणारी डीएनए फ्रॅगमेंटेशन तपासणी विचारात घ्या. ती सरसकट सगळ्यांना लागत नाही. ३० टक्क्यांच्या वर आकडा जास्त मानतात. दहा-बारा दिवस संयम पाळून दिलेल्या नमुन्यात तो उगाच वाढतो, २ ते ३ दिवसांचाच ठेवा.

गर्भाशय आणि नळ्या

पाळीच्या ७ ते १० व्या दिवशी योनीमार्गे सोनोग्राफी करा. तेव्हा अस्तर पातळ असतं आणि पॉलिप (अस्तरातला मऊ कोंब) उठून दिसतो. पोकळीतला पडदा बघायचा असेल तर थ्रीडी सोनोग्राफी दुसऱ्या पंधरवड्यात जास्त स्पष्ट येते. फायब्रॉइड (गर्भाशयाच्या स्नायूची गाठ) असेल तर आकारापेक्षा जागा महत्त्वाची. पोकळीत डोकावणारा लहानसा फायब्रॉइडसुद्धा काढावा, बाहेरच्या बाजूचा मोठा असला तरी रुजण्यात अडथळा आणत नाही. सिझेरियन झालेलं असेल तर टाक्यांच्या जागी खळगा आहे का आणि त्यातून पोकळीत पाणी येतं का, हे मुद्दाम बघायला सांगा. अडेनोमायोसिस (अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं) दिसला तर ट्रान्सफरपूर्वी दोन-तीन महिने ल्युप्रोलाइडचं महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन देऊन बघतात.

दुर्बीण, म्हणजे हिस्टेरोस्कोपी, सर्रास सांगितली जाते. सोनोग्राफी स्वच्छ असताना केवळ ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून केलेल्या दुर्बिणीने बाळ होण्याचं प्रमाण वाढलं नाही, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॉफी’ चाचणीत दिसलं. त्या चाचणीत दोन ते चार आयव्हीएफ फसलेल्या स्त्रियाच होत्या. सोनोग्राफीत काही दिसलं, अस्तर ७ मिलिमीटरच्या पुढे जात नाही, क्युरेटिंग झालेलं आहे किंवा टीबीची शंका आहे, तर दुर्बीण कराच.

हायड्रोसालपिंक्स, म्हणजे पाण्याने फुगलेली नळी, कधीच सोडू नका. नळीतलं पाणी गर्भाशयात झिरपतं आणि यश जवळजवळ निम्म्यावर येतं. लॅप्रोस्कोपीने नळी काढणं किंवा गर्भाशयाजवळ बंद करणं, हा उपाय ट्रान्सफरच्या आधी करायचा असतो. साध्या सोनोग्राफीत ती नळी कधी दिसते, कधी नाही. अंडी वाढवण्याच्या इंजेक्शनांत ती फुगते, म्हणून जुन्या फॉलिक्युलर स्कॅनचे कागद पुन्हा नजरेखालून घाला.

टीबीची तपासणी: इथे जास्त चुका होतात

फुगलेली नळी, पातळ अस्तर, पोकळीत चिकटलेल्या जागा, पाळी कमी होत जाणं, घरात किंवा लहानपणी टीबी. यातलं काही असेल तर जननेंद्रियांच्या टीबीचा विचार आपल्याकडे करावाच लागतो. पाश्चात्त्य देशांच्या यादीत तो क्वचितच असतो, म्हणून बाहेरची यादी जशीच्या तशी वापरणाऱ्यांकडून तो सुटतो.

अस्तराचा तुकडा पाळीच्या आधी, साधारण २१ ते २३ व्या दिवशी घ्या. त्या महिन्यात गर्भ राहणार नाही याची काळजी आधीपासून घ्यावी लागते. तुकड्याचे दोन भाग करा: एक फॉर्मेलिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीसाठी, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) यांसाठी. सगळा तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत गेला की जंतू मरतात आणि कल्चरला काहीच उरत नाही. हे ऑपरेशन थिएटरमध्ये घाईगर्दीत घडतं, म्हणून दोन्ही बाटल्या आधीच लेबल लावून नर्सच्या हाती द्यायला सांगा.

अहवाल वाचताना एवढं पाळा. सीबीनॅट निगेटिव्ह म्हणजे टीबी नाही, असं नाही. अस्तरात जंतू फार कमी असतात. उलट, नुसता टीबी-पीसीआर पॉझिटिव्ह आला आणि बाकी सगळं स्वच्छ असलं, तर तेवढ्यावर सहा महिन्यांचं औषध सुरू करू नये. ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसणारा पेशींचा पुंजका), कल्चर, दुर्बिणीतलं चित्र, यातल्या कशाची तरी जोड हवी. निदान पक्कं असेल तर राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात औषधं मोफत मिळतात. मेडिकल आणि मेयो ही दोन्ही सरकारी रुग्णालयं नागपूर शहरातच आहेत. औषध चालू असताना ट्रान्सफर टाळा. रिफाम्पिसिनमुळे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन शरीरात लवकर मोडतात, अस्तर साथ देत नाही.

त्याच तुकड्यावर सीडी-१३८ या चाचणीने प्लाझ्मा पेशी रंगवून जुनाट दाह बघता येतो. किती प्लाझ्मा पेशी म्हणजे दाह, यावर प्रयोगशाळांचं एकमत नाही, तेव्हा ‘पॉझिटिव्ह’ या शब्दापेक्षा मोजलेली संख्या मागा. नेहमीचा उपचार डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १४ दिवस. नंतर पुन्हा तुकडा घेऊन दाह गेला का ते बघतात.

प्रोजेस्टेरॉन आणि घड्याळ

गोळ्या देऊन अस्तर तयार करतात त्या फ्रोझन सायकलमध्ये शरीराचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन नसतं. जे द्याल तेवढंच. ब्लास्टोसिस्टची ट्रान्सफर प्रोजेस्टेरॉनचे पूर्ण पाच दिवस झाल्यावर, साधारण १२० तासांनी, म्हणजे सहाव्या दिवशी होते. चूक मोजणीत होते: पहिला डोस सोमवारी रात्री घेतला, सेंटरने सोमवार ‘पहिला दिवस’ धरला, आणि शनिवारी सकाळी ट्रान्सफर झाली. प्रत्यक्षात १०८ तासच भरले. फाइलमधल्या वेळा लिहून तास मोजा.

ट्रान्सफरच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन बघायला सांगा. योनीमार्गे औषध घेणाऱ्यांत ते साधारण १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर गर्भ टिकण्याचं प्रमाण कमी दिसतं. मग इंजेक्शनची जोड देतात. डायड्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या या रक्ततपासणीत दिसत नाहीत, त्यामुळे त्या घेत असूनही आकडा वाढला नाही म्हणून घाबरू नका. ताज्या सायकलमध्ये उलटं बघा: ट्रिगरच्या दिवशी प्रोजेस्टेरॉन १.५ च्या वर गेलेलं असेल तर अस्तर भ्रूणाच्या पुढे निघून गेलेलं असतं. ती ट्रान्सफर ‘चांगलं भ्रूण रुजलं नाही’ या हिशेबात धरू नका.

आणि ऊन. पारा ४५ च्या पुढे असताना योनीत ठेवायच्या कॅप्सूल पर्समध्ये मऊ पडतात. गोंदिया किंवा चंद्रपूरला परत जाताना बसच्या टपाखालच्या पिशवीत ठेवलेल्या इंजेक्शनांचं काय होत असेल? प्रत्येक औषधाच्या खोक्यावर तापमान छापलेलं असतं. ‘२ ते ८ अंश’ असेल तर बर्फाच्या पिशवीसह थर्मासमध्ये न्या. इंजेक्शन मात्र बर्फाला थेट टेकू देऊ नका, गोठलं तरी वाया जातं.

रक्त: थोडंच, पण नीट

टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), साखर. टीएसएच २.५ च्या आत ठेवण्याकडे बहुतेकांचा कल असतो. साखरेच्या बाबतीत विदर्भात एक खास अडचण आहे. सिकलसेल असलेल्यांत तांबड्या पेशी लवकर मोडतात, त्यामुळे एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) खोटं कमी येतं. वाहक असतील तरी काही यंत्रांवर चुकतं. म्हणून सिकलसेलची तपासणी आधी, आणि तीत दोष निघाला तर उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर बघा. दोघेही वाहक निघाले तर भ्रूणाच्या तपासणीचा विषय वेगळाच होतो, तो या टप्प्यावर कळलेला बरा.

रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज कुणी तपासायच्या? पूर्वी रक्ताची गुठळी झाली, गर्भपात झाले किंवा ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आहे त्यांनी. त्यात ल्युपस अँटिकोॲग्युलंट, कार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन असे तीन भाग येतात. पॉझिटिव्ह आलं तर १२ आठवड्यांनी पुन्हा. हेपरिन चालू असताना दिलेल्या रक्तात ल्युपसची तपासणी चुकू शकते.

एमटीएचएफआरसह लांबलचक थ्रॉम्बोफिलिया (रक्त गोठण्याच्या दोषांचं) पॅनल, रक्तातल्या किंवा अस्तरातल्या एनके पेशी आणि सायटोकाइन (प्रतिकारशक्तीच्या तपासण्या), अस्तराचा मायक्रोबायोम (तिथले जंतू): यांचा निकाल काहीही आला तरी पुढची पायरी पुराव्याने बदलत नाही. इंट्रालिपिड, आयव्हीआयजी, गर्भाशयात पीआरपी किंवा जी-सीएसएफ या जास्तीच्या उपचारांचीही तीच गत. अस्तर खरवडण्याचा फायदा २०१९ च्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. ‘ईआरए’ (अस्तर गर्भ घ्यायला कधी तयार होतं ते बघणारी तपासणी) करून ट्रान्सफरची वेळ बदलल्याने २०२२ च्या चाचणीत बाळं वाढली नाहीत. कुणी यातलं काही सुचवलं तर एकच प्रश्न विचारा: ‘डॉक्टर, हे पॉझिटिव्ह आलं तर काय बदलाल, आणि निगेटिव्ह आलं तर काय बदलाल?’ दोन्हींचं उत्तर सारखं असेल तर ती तपासणी सोडा.

बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी

एका पाळीत तीन फेऱ्यांत सगळं बसतं. पहिली फेरी कोणत्याही दिवशी: फाइल दाखवणं, दोघांचं रक्त, वीर्य तपासणी. दुसरी ७ ते १० व्या दिवशी: सोनोग्राफी, गरज असेल तर दुर्बीण. तिसरी २१ ते २३ व्या दिवशी: थ्रीडी आणि शंका असेल तर तुकडा. कल्चरचा अंतिम अहवाल यायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात, तेवढ्यात पुढच्या ट्रान्सफरची तारीख ठरवून टाकू नका.

सगळं नॉर्मल निघालं तर? तसं पुष्कळांचं निघतं. तेव्हा पाच गोष्टी एकदम बदलू नयेत, नाहीतर यश आलं तरी कशाने आलं ते कळत नाही आणि फसलं तर पुढे काय करायचं तेही. भ्रूणं शिल्लक असतील तर पुढची ट्रान्सफर एका ब्लास्टोसिस्टची आणि तास मोजून. आधीच्या नोंदीत कॅथेटर अडला असेल तर त्याआधी रिकाम्या कॅथेटरने सराव करून घ्या. भ्रूणं संपली असतील आणि वय चाळिशीपुढे असेल तर दात्याच्या अंड्याचा विचार. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यात उपचारासाठी स्त्रीचं वय ५० आणि पुरुषाचं ५५ पर्यंत आहे. सेंटर बदलायचं असेल तर आधी फक्त फाइल न्या आणि मत घ्या. गोठवलेली भ्रूणं हलवायला नव्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, ती कोण काढणार आणि वाटेतल्या नायट्रोजनच्या टाकीची जबाबदारी कोणाची, हे दोन्ही सेंटरकडून लेखी घेतल्याशिवाय जुन्या ठिकाणचं साठवणुकीचं भाडं थांबवू नका.